भिवंडी आणि माणूस घडवणारी पुस्तके

स्वतःला वळण लागावे, हातातले काम नेटके व्हावे आणि भोवतालची माणसे कळावीत म्हणून वाचायची पुस्तके महाराष्ट्रात छापखान्याच्या आधीपासून आहेत. ठाणे जिल्ह्यातल्या भिवंडी तालुक्यात त्यांचा इतिहास विशेष दाट आहे. आगरी गावांतल्या दासबोधाच्या बैठका, मागवाल्यांच्या वस्त्यांतले उर्दू वाचन, गणेशपुरीहून अमेरिकेत पोचलेले एक आध्यात्मिक आत्मचरित्र, दंगल का पेटते आणि का टळते याचा शोध घेणारे एका पोलिस अधिकाऱ्याचे पुस्तक आणि देशभर पुस्तके रवाना करणारी गोदामे हे सारे या एका तालुक्यात सापडते. या इतिहासाचा एक विशेष असा, की माणूस घडवण्याचे काम इथे एकट्याने वाचून फारसे झालेले नाही. ते चारचौघांत बसून, ऐकून आणि बोलून झाले आहे.

समर्थ रामदासांचा (1608–1681) दासबोध हा अध्यात्माचा ग्रंथ, पण त्याचा मोठा भाग रोजच्या वागण्यावर खर्ची पडला आहे. 20 दशक आणि 200 समासांच्या या ग्रंथात दुसऱ्या दशकाचा पहिला समास मूर्खाची लक्षणे सांगतो, दुसरा उत्तम लक्षणे सांगतो आणि त्याच दशकाच्या शेवटी शिकूनसवरून मूर्ख राहिलेल्या पढतमूर्खाचे वर्णन येते. बाराव्या दशकात प्रयत्नाची शिकवण आहे. एकोणिसावा दशक तर लेखनक्रियेनेच सुरू होतो. अक्षर वाटोळे, सरळ आणि मोकळे असावे, शाई काळीभोर असावी, पानाच्या चारही बाजूंना कोरी जागा सोडावी, पहिले अक्षर जसे काढले तसेच शेवटचे दिसावे, जणू सगळा ग्रंथ एकाच टाकाने लिहिला, अशा सूचना तिथे आहेत. कारकुनी करणाऱ्या माणसाला याहून कामाचा धडा त्या काळात दुसरा मिळणे कठीण होते. कामाची शिस्त, बोलण्याची रीत, माणसांची पारख, संघटनेचे व्यवहार हे सगळे विषय सतराव्या शतकात मराठी ओवीत आले होते, आणि ते वाचण्यापेक्षा ऐकण्यासाठी रचलेले होते.

ऐकण्याची ही परंपरा भिवंडीच्या खेड्यांत विसाव्या शतकात नव्याने रुजली. रेवदंड्याचे नारायण विष्णू ऊर्फ नानासाहेब धर्माधिकारी (1922–2008) यांनी 1943 मध्ये मुंबईच्या गोरेगावात श्रीसमर्थ बैठक सुरू केली. पुढच्या काही दशकांत रायगड आणि ठाणे जिल्ह्यांतल्या आगरी, कोळी आणि कुणबी गावांत बैठका पसरल्या; भिवंडी तालुकाही त्यांत आला. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी गावकरी जमतात. पुरुषांची बैठक वेगळी, स्त्रियांची वेगळी, मुलांसाठी आणखी वेगळी. निरूपण करणारा दासबोधातला भाग घेतो आणि त्याचा अर्थ घरातल्या, शेतातल्या, भाऊबंदकीतल्या गोष्टींना लावून सांगतो. पैसा घेतला जात नाही. व्यसन सुटावे, हुंडा आणि लग्नातला खर्च आटोक्यात यावा, अंधश्रद्धा कमी व्हावी यावर भर असतो. बैठकींच्या जोडीने प्रौढ साक्षरतेचे वर्गही चालले. आयुष्यभर अंगठा उठवलेल्या कितीतरी बाया त्यांतून सही करायला शिकल्या. नानासाहेबांना 2008 चा महाराष्ट्र भूषण पुरस्कार मरणोत्तर जाहीर झाला, तो या कामासाठी. तीन शतकांपूर्वीचा ग्रंथ खाडीकाठच्या भातशेती करणाऱ्या माणसांच्या सवयी बदलू शकला, याचे श्रेय ग्रंथाइतकेच दर आठवड्याला एकत्र बसण्याच्या नेमाला द्यावे लागते.

छापील मराठीत आचारविचारांची पुस्तके एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मुंबईत निघू लागली. भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात गोपाळ हरि देशमुख यांनी 1848 ते 1850 या काळात लोकहितवादी या नावाने पत्रे लिहिली. आळस, अज्ञान, रूढी यांवर इतक्या सडेतोडपणे मराठीत आधी कोणी लिहिले नव्हते. ‘मुंबईचे वर्णन’ (1863) या पुस्तकामुळे लक्षात राहिलेले गोविंद नारायण माडगावकर यांनी ‘शुचिर्भूतपणा’, ‘ऋणनिषेधक बोध’, ‘दारूपासून अनर्थ’ अशी छोटी पुस्तकेही लिहिली. स्वच्छता राखावी, कर्ज काढू नये, दारू पिऊ नये हे त्यांचे विषय नावांवरूनच कळतात. मजकूर साधा, किंमत बेताची, आणि रोख सामान्य माणसाकडे. कल्याणची रेल्वे 1854 मध्ये सुरू झाली आणि मुंबईचा छापील मजकूर खाडीपलीकडच्या गावांना जवळचा झाला. भिवंडी मात्र मुख्य मार्गापासून बाजूला राहिली. तिथे टपाल आणि माल कल्याण-ठाण्याहून रस्त्याने किंवा खाडीतून होडीने येई.

पुस्तक विकत घेणे परवडत नव्हते त्या काळात वाचनालय हेच पुस्तकाचे घर होते. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय 1864 चे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 चे. ‘महाराष्ट्र सारस्वत’कार वि. ल. भावे त्याच्या संस्थापकांपैकी. भिवंडीतही वाचन मंदिर उभे राहिले. या संस्थांच्या दिवाणखान्यात वर्तमानपत्रे मेजावर मांडलेली असत, एकजण मोठ्याने वाचे आणि बाकीचे ऐकत, मग त्यावर वाद होई. 1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने अशा वाचनालयांना सरकारी अनुदानाची चौकट मिळाली. अनुदानातून पुस्तके आली, पण मेजाभोवतीची चर्चा मात्र कुठल्याच कायद्याने आणता येण्याजोगी नव्हती.

आधुनिक स्वयंसुधारणेच्या पुस्तकांचा मूळपुरुष मानला जाणारा सॅम्युअल स्माइल्सचा ‘सेल्फ हेल्प’ हा ग्रंथ 1859 मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्याच वर्षी त्याच्या 20,000 प्रती खपल्या आणि 1904 मध्ये स्माइल्सचे निधन झाले तोवर खप अडीच लाखांवर गेला होता. जपानीत तो 1871 मध्ये गेला आणि मेइजी काळातल्या तरुणांनी तो अक्षरशः पाठ केला. हिंदुस्थानातही इंग्रजी शिकलेल्या पहिल्या पिढ्यांच्या कपाटात तो असे. या ग्रंथाचा जन्म कुठे झाला, हे भिवंडीच्या संदर्भात मुद्दाम सांगण्यासारखे आहे. तो इंग्लंडमधल्या लीड्स या कापडाच्या शहरात झाला. तिथल्या दोन-तीन तरुण कामगारांनी हिवाळ्याच्या संध्याकाळी एकत्र बसून एकमेकांना शिकवायचे ठरवले. ज्याला जे येत होते ते त्याने दुसऱ्याला शिकवायचे: कोणी वाचन, कोणी हिशेब, कोणी भूगोल. मंडळी वाढत शंभराच्या घरात गेली. जागा पुरेना तेव्हा त्यांनी एक पडीक खोली भाड्याने घेतली. पटकीच्या साथीत तिथे तात्पुरता दवाखाना होता, त्यामुळे ती कोणी घेत नव्हते. म्हणून ती त्यांना परवडली. या मंडळींनी 1845 मध्ये स्माइल्सला दोन शब्द बोलायला बोलावले, आणि त्या भाषणांतून पुढे पुस्तक झाले. स्वतःच्या बळावर उभे राहा असे सांगणारे हे जगप्रसिद्ध पुस्तक कामगारांच्या एका सामुदायिक वर्गातून आले. पुढे याच पुस्तकाची नक्कल करणाऱ्या शेकडो लेखकांनी तो वर्ग विसरून फक्त एकटा यशस्वी माणूस तेवढा उचलला.

मराठीत कारखाना आणि वाचन यांची गाठ किर्लोस्करवाडीने घातली. 1920 मध्ये नांगर तयार करणाऱ्या कारखान्याचे ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्रक निघाले. शंकर वासुदेव किर्लोस्करांनी त्याचे रूपांतर उद्योगाला, स्वावलंबनाला आणि सामाजिक सुधारणेला वाहिलेल्या मासिकात केले; नंतर ते ‘किर्लोस्कर’ या नावाने महाराष्ट्रभरच्या वाचनालयांत पोचले, आणि ‘स्त्री’ (1930) व ‘मनोहर’ (1934) ही भावंडे त्याच्या जोडीला आली. धंदा कसा काढावा, वेळ कसा वापरावा, मुलींना काय शिकवावे, असे विषय त्यांत सतत असत. शं. वा. किर्लोस्करांनी लिहिलेले कारखान्याचे संस्थापक लक्ष्मणराव किर्लोस्करांचे चरित्र ‘यांत्रिकाची यात्रा’ हे कामातून माणूस कसा घडतो याचे मराठीतले एक उत्तम पुस्तक आहे. परदेशी यशोगाथांच्या भाषांतरांपेक्षा ते मराठी वाचकाला जास्त उपयोगी पडावे असे आहे, कारण त्यातली माती, भांडवलाची चणचण आणि माणसे ओळखीची आहेत.

भिवंडीच्या मागवाल्यांचे वाचन वेगळ्या लिपीतून आले. 1857 च्या उठावानंतर उत्तर हिंदुस्थानातून मोमीन विणकरांची कुटुंबे दक्षिणेकडे सरकली; त्यांतली काही भिवंडीत स्थिरावली. आधी हातमाग होते, 1930 च्या आसपास यंत्रमाग आले, आणि 1982 च्या मुंबईतल्या गिरणी संपानंतर भिवंडीतल्या मागांची संख्या झपाट्याने वाढली. या कुटुंबांसोबत उर्दू आली आणि उर्दूतले आचारशिक्षणाचे वाङ्मयही. डेप्युटी नजीर अहमद यांची ‘मिरात-उल-उरूस’ ही कथा 1869 ची. दोन बहिणींच्या स्वभावांतला फरक दाखवून घर नीट कसे चालवावे हे ती सांगते, आणि तिला तत्कालीन सरकारचे 1,000 रुपयांचे बक्षीस मिळाले होते. मौलाना अशरफ अली थानवी यांचे ‘बहिश्ती जेवर’ विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे. धर्माचरणापासून पत्र कसे लिहावे, हिशेब कसा ठेवावा इथपर्यंत मुलींना लागणारे सारे ज्ञान त्यात एकत्र केले आहे. लग्नात मुलीला ते भेट देण्याची चाल उर्दू घरांत दीर्घकाळ राहिली. कोकण मुस्लिम एज्युकेशन सोसायटीच्या रईस हायस्कूलने भिवंडीत उर्दू वाचकांच्या पिढ्या घडवल्या. राष्ट्रीय उर्दू भाषा विकास परिषदेने आपला अखिल भारतीय उर्दू पुस्तक मेळा 2016 मध्ये याच शहरात भरवला. पद्मनगरमधल्या पद्मशाली विणकरांनी तेलुगू आणली. म्हणजे एका शहरात मराठी, उर्दू, हिंदी आणि तेलुगू अशा चार भाषांत सद्वर्तनाचे उपदेश चालू होते, आणि शेजारच्या गल्लीत काय वाचले जाते हे बहुतेकांना ठाऊक नव्हते.

मागावरच्या माणसाच्या वागण्याचा शास्त्रीय अभ्यास मात्र भिवंडीत न होता अहमदाबादेत झाला. लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटचे ए. के. राइस यांनी 1953 मध्ये कॅलिको मिलच्या स्वयंचलित मागांच्या एका शेडमध्ये प्रयोग केला आणि त्यावर ‘प्रॉडक्टिव्हिटी अँड सोशल ऑर्गनायझेशन : दि अहमदाबाद एक्स्पेरिमेंट’ (1958) हे पुस्तक लिहिले. त्या शेडमध्ये 224 माग होते आणि 29 कामगार 12 वेगवेगळी कामे करत. नवे यंत्र येऊनही उत्पादन वाढत नव्हते. विणणारा वेगळा, तुटलेला धागा सांधणारा वेगळा, कांड्या भरणारा वेगळा, तेल घालणारा वेगळा. कोणाचा कोणाशी संबंध काय हे कुणालाच स्पष्ट नव्हते. राइस यांनी सुचवले की ठरावीक मागांची पूर्ण जबाबदारी एका लहान गटाकडे द्यावी. कामगारांनी ती कल्पना उचलली आणि गटही स्वतःच ठरवले. काही महिन्यांत उत्पादन वाढले, खराब निघणारे कापड कमी झाले. कामाच्या जागी माणूस कसा वागतो या विषयावरच्या जगभरच्या अभ्यासात हा प्रयोग आजही शिकवला जातो.

भिवंडीच्या मागांवर मात्र त्याचा प्रकाश पडला नाही. इथले कारखाने लहान, विखुरलेले आणि बहुतेक भाड्याच्या शेडमधले. एकेक विणकर कानठळ्या बसवणाऱ्या खडखडाटात अनेक मागांवर लक्ष ठेवतो, पाळी बारा तासांची, मजुरी विणलेल्या मीटरवर. उत्तर प्रदेश आणि बिहारमधून आलेले कारागीर जेवायला बिशीत, म्हणजे सामायिक खानावळीत, जातात आणि एकाच खोलीत पाळीपाळीने झोपतात. कामातून माणसाची वाढ व्हावी असे म्हणणाऱ्या पुस्तकांना ही परिस्थिती ठाऊकच नसते. त्यामुळे मनाची शक्ती आणि सकाळी लवकर उठण्याचे फायदे सांगणारी पुस्तके या कामगारापाशी अपुरी पडतात. त्याला गरज आहे ती पाळीची लांबी आणि खोलीतली हवा बदलण्याची.

तालुक्याच्या उत्तरेला, तानसा नदीच्या काठी, वज्रेश्वरीजवळ गणेशपुरी आहे. गरम पाण्याच्या कुंडांसाठी हा परिसर पूर्वीपासून प्रसिद्ध. 1930 च्या दशकात नित्यानंद स्वामी इथे येऊन राहिले. 8 ऑगस्ट 1961 रोजी त्यांनी इथेच देह ठेवला. त्यांचे शिष्य स्वामी मुक्तानंद (1908–1982) यांनी आश्रम वाढवला आणि ‘चित्शक्तिविलास’ हे आपल्या साधनेचे आत्मचरित्र लिहिले. 1971 मध्ये न्यूयॉर्कच्या हार्पर अँड रो या प्रकाशनसंस्थेने त्याची इंग्रजी आवृत्ती काढली. साधनेत आलेले अनुभव, भीती, मोह, शरीरात होणारे बदल यांचे इतके उघड वर्णन त्या काळच्या पाश्चात्त्य वाचकांना नवीन होते. अमेरिकेतल्या आत्मशोधाच्या लाटेत गणेशपुरीचे नाव ठळक झाले आणि विमानाने येणारे साधक भिवंडी-वाडा रस्त्याने आश्रमात पोचू लागले. मुक्तानंदांच्या निधनानंतर, 1983 मध्ये, एका अमेरिकन नियतकालिकात त्यांच्या वर्तनाविषयी गंभीर आरोप प्रसिद्ध झाले. गुरूच्या शब्दावर सर्वस्व सोपवणाऱ्या वाचकाला जपून राहावे लागते, हेही त्या प्रकरणातून पुढे आले. 2006 मध्ये एलिझाबेथ गिल्बर्ट यांचे ‘ईट, प्रे, लव्ह’ आले. त्यातला भारताचा भाग एका आश्रमात घडतो. लेखिकेने आश्रमाचे नाव दिलेले नाही. तो गणेशपुरीचा असे सर्वसाधारणपणे मानले जाते. या पुस्तकाच्या जगभर लाखो प्रती खपल्या. त्यात भिवंडी तालुका आहे, पण भिवंडीची माणसे जवळपास नाहीत. लेखिकेचा प्रवास स्वतःच्या आत होता आणि वाचकही त्याच वाटेने गेले.

माणसांच्या वागण्याविषयी भिवंडीने जगाला दिलेले सर्वांत मोलाचे वाङ्मय मात्र दंगलींतून आले. मे 1970 मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी शहरात दंगल पेटली आणि तिचे लोण जळगाव व महाडपर्यंत पोचले. चौकशीसाठी न्यायमूर्ती डी. पी. मादन यांचा एकसदस्य आयोग नेमला गेला. मादन आयोगाचा अहवाल हा सरकारी दस्तऐवज असला, तरी जमावाच्या मनाचा इतका खोल तपास मराठी मुलखात दुसरा झालेला नाही. दंगल त्या दिवशी अचानक पेटली नव्हती. मिरवणुकीचा मार्ग, घोषणा, गुलाल, दोन्ही बाजूंच्या संघटनांची भाषणे यांतून कित्येक वर्षे तणाव कसा साचत गेला, अफवा कशी पसरली, हे आयोगाने तारखांनिशी मांडले. दंगलीनंतर तपासासाठी नेमलेल्या विशेष पथकाच्या पक्षपाती कामावरही त्याने कठोर ताशेरे ओढले. एवढा अहवाल हाताशी असूनही मे 1984 मध्ये भिवंडी पुन्हा पेटली आणि आग ठाणे-मुंबईपर्यंत गेली. अहवाल छापला गेला होता. पण तो गल्लीत उतरला नव्हता.

तो गल्लीत उतरवण्याचे काम सुरेश खोपडे यांनी केले. 1988 मध्ये ते पोलिस उपायुक्त म्हणून भिवंडीत आले. पूर्वीच्या शांतता समित्यांत पुढारी आणि प्रतिष्ठित बसत. तणाव वाढला की बैठक भरे आणि फोटो निघत. खोपडे यांनी शहराचे लहान लहान मोहल्ले पाडले आणि सुमारे 70 मोहल्ला समित्या स्थापन केल्या. प्रत्येक समितीत हिंदू आणि मुसलमान बरोबरीने घेतले. निवड करताना पुढाऱ्यांपेक्षा दुकानदार, मागवाला, शिक्षक, गृहिणी अशा रोजच्या माणसांना पसंती दिली. समितीची सूत्रे साहेबाकडे न देता त्या भागातल्या साध्या पोलिसाकडे दिली. बैठक दंगलीची वाट पाहत थांबत नसे. ती ठरलेल्या दिवशी भरे. विषय तुंबलेल्या गटाराचे, नळावरच्या भांडणाचे, रात्री वाजणाऱ्या भोंग्याचे, नवराबायकोच्या तक्रारीचे. महिनोन् महिने अशा किरकोळ गोष्टी एकत्र सोडवल्यावर समोरचा माणूस नावाने आणि घराने ओळखीचा होई. अफवा आली की समितीतला माणूस पलीकडच्या आळीतल्या ओळखीच्या माणसाला विचारून खरेखोटे करून घेऊ शके. अफवेचे बळ अनोळखीपणात असते; ती जागाच या बैठकींनी काढून घेतली.

डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबई जळत होती. श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीप्रमाणे तिथे 900 माणसे मेली. खोपडे यांची तोवर बदली झाली होती, पण समित्या चालू होत्या, आणि दोनदा होरपळलेली भिवंडी शांत राहिली. याची हकिकत आणि मीमांसा खोपडे यांनी ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’ या पुस्तकात केली. पोलिसी आठवणींच्या नेहमीच्या पुस्तकांत गुन्हेगार पकडल्याच्या शौर्यकथा असतात. या पुस्तकाचा प्रश्न वेगळा आहे: जे घडले नाही ते का घडले नाही? पोलिस खात्यात शिपायाला मान मिळाला, त्याच्या डोक्यावर जबाबदारी टाकली, तर तो कसा वागतो, हाही त्यातला महत्त्वाचा धागा आहे. अहमदाबादेत राइस यांना मागांच्या शेडमध्ये जे दिसले, त्याच्याशी हे चांगलेच जुळते.

भिवंडीचा हा अनुभव पुढे जागतिक चर्चेत गेला. राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी ‘एथ्निक कॉन्फ्लिक्ट अँड सिव्हिक लाइफ’ (2002) या ग्रंथात अलीगढ-कालिकत, हैदराबाद-लखनौ आणि अहमदाबाद-सुरत अशा शहरांच्या जोड्या तपासल्या. दोन समाजांतले लोक ज्या शहरात संघटना, व्यापारी मंडळे, क्लब यांतून एकत्र काम करतात तिथे दंगल पेटवणे अवघड जाते, असा त्यांचा निष्कर्ष. असे दुवे बहुधा समाजच पिढ्यान्‌पिढ्या विणतो. भिवंडीत ते एका पोलिस अधिकाऱ्याने काही वर्षांत विणून दाखवले, म्हणून वार्ष्णेय यांनी तिचा आवर्जून उल्लेख केला. मुंबईत 1994 नंतर पोलिस अधिकारी ज्युलिओ रिबेरो व सतीश सहानी आणि शांतता कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने मोहल्ला कमिटीची चळवळ उभी राहिली. बर्वे यांचे ‘हीलिंग स्ट्रीम्स’ (2003) हे पुस्तक त्या कामावरचे. 2007 मध्ये राज्यात सुरू झालेली महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीमही भांडण गावातच बसून मिटवण्याच्या विचारावर उभी होती. भिवंडीची शांतता मात्र कायमची नव्हती. जुलै 2006 मध्ये पोलिस ठाण्याच्या बांधकामावरून शहरात हिंसाचार झाला, त्यात गोळीबारात माणसे मेली आणि दोन पोलिसांची हत्या झाली. समित्यांमागचा नेम सुटला की तिथली ओळखही विरते, एवढा अर्थ त्यातून निघतो.

मनाचे शास्त्र सोप्या मराठीत आणण्याचे काम मोहल्ला समित्यांच्याच काळात शेजारच्या ठाण्यात सुरू झाले. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 मध्ये तिथे मानसिक आरोग्य संस्था काढली. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीवरचे त्यांचे ‘स्वभाव-विभाव’, किंवा अच्युत गोडबोले यांचे ‘मनात’, ही पुस्तके मराठी वाचकाने मनापासून स्वीकारली. वामनराव पै (1923–2012) यांच्या जीवनविद्येची प्रवचने आणि पुस्तके मुंबई-ठाण्याच्या नोकरदार घरांत त्याआधीपासून होती. शिव खेरा यांच्या ‘यू कॅन विन’चे मराठी रूप ‘यश तुमच्या हातात’ आले, आणि त्यानंतर भाषांतरित यशमंत्रांनी मराठी पुस्तकांच्या दुकानांतली फळीच्या फळी व्यापली.

या पुस्तकांचा शेवटचा मोठा मुक्काम पुन्हा भिवंडीतच पडला. मुंबई महापालिकेच्या हद्दीत माल नेला की जकात भरावी लागे. काल्हेर, पूर्णा, राहनाळ, वळ, दापोडे, माणकोली ही गावे हद्दीबाहेरची, नाशिक महामार्गाला आणि न्हावाशेवा बंदराच्या रस्त्याला जवळची आणि ग्रामपंचायतींची. भातशेतीच्या जागी पत्र्यांची गोदामे उभी राहिली. 2017 मध्ये वस्तू व सेवा कर आला, जकात गेली, तरी गोदामे वाढतच राहिली. ॲमेझॉनने 5 जून 2013 रोजी भारतातली आपली बाजारपेठ उघडली, तेव्हा विक्रीला मुख्यतः पुस्तके आणि चित्रपट होते, आणि माल ठेवण्यासाठीचे केंद्र भिवंडीत होते. अशा गोदामात पुस्तकांची मांडणी विषयावरून होत नाही. खोका फुटला की प्रत्येक प्रतीच्या पाठीवरचा 978 ने सुरू होणारा तेरा आकडी क्रमांक यंत्राने वाचला जातो, आणि संगणक सांगेल त्या मोकळ्या कप्प्यात ती जाते. ध्यानावरचे पुस्तक कुकरच्या रबरी रिंगेशेजारी पडून असते. मागणी आली की कामगार हातातल्या यंत्रावर कप्प्याचा क्रमांक पाहतो, चालत जातो, प्रत काढतो, आणि ती पुठ्ठ्याच्या पाकिटातून गडचिरोलीपासून सावंतवाडीपर्यंत कुठेही रवाना होते. गावात पुस्तकाचे दुकान नसलेल्या वाचकाची यामुळे मोठी सोय झाली, हे मान्य केले पाहिजे. पण या वाटेवर वाचक, विक्रेता आणि दुसरा वाचक यांची गाठ कुठेच पडत नाही.

याच गोदामांच्या आसपासच्या गावांत आजही ठरलेल्या वारी दासबोधाची बैठक भरते. शहरात मात्र ज्या मोहल्ल्यांत समित्या बसत, तिथल्या आजच्या तरुणांपैकी अनेकांचा जन्मच 1992 नंतरचा आहे. त्यांना मादन आयोगाचा अहवाल आणि खोपडे यांचे पुस्तक ठाऊक असण्याचे कारण नाही. भिवंडीच्या महापालिकेने, महाविद्यालयांनी आणि वाचनालयांनी ही दोन्ही पुस्तके मराठी, उर्दू, हिंदी आणि तेलुगूत उपलब्ध करून प्रत्येक मोहल्ल्यात ठेवावीत, आणि ती एकट्याने वाचण्याऐवजी दोन्ही समाजांच्या मुलामुलींनी आठवड्यातून एकदा एकत्र बसून वाचावीत.